प्लेटबाहेरचं हाड

माझ्या कपाटात विम्याच्या पावत्यांखाली एक्स-रेची एक फिल्म अकरा वर्षं पडून आहे. आठ बाय दहाची. अकरा वर्षांच्या मुलाचा उजवा गुडघा, समोरून आणि बाजूने. वाटी जागच्या जागी, सांध्यातली फट नीट, हाड वाढतं ती रेघ स्वच्छ. एक्स्पोजर अचूक, पोरगं जराही हललेलं नाही. विद्यार्थ्यांना दाखवावी अशी फिल्म. ती मीच काढली आणि बाहेर येऊन बहिणीला मीच सांगितलं, "काही नाही गं, नॉर्मल आहे." मुलगा माझा भाचा. त्याचा आजार त्या फिल्मच्या वरच्या कडेपासून चार बोटं वर होता.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मी बत्तीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम केलं. रिपोर्ट देणं आमचं काम नव्हे, ते डॉक्टरांचं. पण खेड्यातला माणूस फिल्म वाळायच्या आधी आमच्याच तोंडाकडे बघतो, आणि आम्हीही काहीतरी बोलून जातो. २०१४ च्या श्रावणात मी असाच बोलून गेलो.

बहीण म्हणाली होती, "दादा, पोरगं रात्रीचं लई कण्हतंय. चोळून चोळून माझं हात दुखाया लागलं." पोरगं शाळेच्या खो-खोच्या संघात होतं आणि पंधरा दिवसांपूर्वी खांबापाशी सूर मारताना पडलं होतं. झालं, सगळ्यांना कारण सापडलं. या आजारात पडल्याची गोष्ट नेहमी फसवते. अकरा वर्षांचं मूल आठवड्यातून चारदा पडतं, त्यामुळे दुखायला लागलं की मागे जाऊन एखादं पडणं सापडतंच. पडल्यामुळे हाडाचा कॅन्सर होत नाही. पडल्यामुळे फार तर तिकडे लक्ष जातं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं 'गुडघा, दोन बाजू'. मी गुडघा काढला. फिल्म वाचावी म्हणून लहान प्लेट घेतली. तेव्हा आमच्याकडे अजून डार्करूम होती, महिन्याला फिल्मचा हिशेब द्यावा लागायचा, आणि 'लहान मूल, लहान प्लेट' हा आमचा शिरस्ता. शिकताना पहिल्याच वर्षी आम्हाला घोकून घेतलं होतं की लांब हाड काढायचं तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे फिल्मवर आले पाहिजेत. परीक्षेत मी ते लिहिलंसुद्धा. पण चिठ्ठीवर नुसता गुडघा होता. आणि मूल गुडघ्यावर हात ठेवतं म्हणून दुखणं गुडघ्यातच असतं असं नाही. मांडीचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कमरेच्या सांध्याचंही जाणवतं.

पुढचे दोन महिने तुमच्या-माझ्या घरात जसे जातात तसेच गेले. वाढीचं दुखणं म्हणून आजीने तेल लावलं. शेजारच्या गावच्या हाडवैद्याने लेप दिला आणि कामट्या बांधल्या. त्याला मी एकट्याला दोष देणार नाही. त्याच्याकडे पाठवताना घरच्यांच्या हातात 'नॉर्मल' एक्स-रे होता. वाढीचं दुखणं हा प्रकार खरा आहे, पण तो दोन्ही पायांत असतो, आज पोटरी तर उद्या मांडी असा फिरतो आणि सकाळी पोर उड्या मारत शाळेला जातं. इथे मात्र एकच पाय, एकच जागा, आणि रोज थोडं जास्त. पुढे पोरगं लंगडायला लागलं, अंगात बारीक ताप राहायला लागला आणि एक दिवस बहिणीच्या लक्षात आलं की उजव्या मांडीला चड्डी घट्ट बसतेय.

दुसऱ्या वेळी मी कोणाच्या चिठ्ठीची वाट पाहिली नाही. चौदा बाय सतराची प्लेट तिरकी लावली आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत अख्खी मांडी घेतली. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली हँगर डेव्हलपरमधून वर उचलला, तेव्हा आधी कडा काळ्या झाल्या, मग हाड दिसायला लागलं. मांडीच्या हाडाच्या मधोमध भुंग्याने पोखरलेल्या लाकडासारखी जागा आणि तिच्या बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकावर एक थर. पुस्तकात पाहिलेलं चित्र होतं. ती फिल्म मी फिक्सरमध्ये नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवली. बाहेर जायचं नव्हतं.

आता या लेखाचा मुद्दा. मुलाच्या हाडातली गाठ काढून पाय वाचवणारी शस्त्रक्रिया, गाठीसकट काढलेल्या हाडाच्या जागी नवी जुळणी, हे सगळं आपल्याकडे होतं आणि उत्तम होतं. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात, सर्जनचा फोटो येतो, यायलाच हवा. पण पाय वाचेल की जाईल, यातला मोठा हिस्सा मुंबईला पोहोचायच्या आधी तालुक्याच्या गावात ठरून गेलेला असतो. एकदा एक्स-रेच्या टेबलावर आणि दुसऱ्यांदा, जास्त धोकादायक रीतीने, छोट्या ऑपरेशन थिएटरात.

आमच्या बाबतीत हे दुसरं टळलं ते एका माणसामुळे. ताप, सूज आणि रक्तात वाढलेला ईएसआर पाहून एका सर्जननी निदान केलं: हाडात पू झालाय, उद्या चीर देऊन काढून टाकू. चूक अगदीच वेड्यासारखी नव्हती. भाच्याला झालेला युइंग सार्कोमा हा हाडाचा कॅन्सर हाडातल्या पुवाचं सोंग हुबेहूब घेतो. जेम्स युइंग या अमेरिकन डॉक्टरने १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून तो डॉक्टरांना असाच फसवत आला आहे. आम्ही पैशाची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका तरुण अस्थिरोगतज्ज्ञाला मी फिल्म दाखवली. त्याने ती खिडकीशी धरली, दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मी याला हात लावणार नाही. सुईसुद्धा नाही. आणि दुसऱ्या कोणाला लावू देऊ नका. आज रात्रीची गाडी पकडा."

मला तेव्हा ते हात झटकल्यासारखं वाटलं. बहीण तर चिडली, "नुसतं बघायचं पैसं घेतलं." (घेतले नव्हते.) आज मला वाटतं, भाच्याच्या पायावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ही, न केलेली.

कारण असं. गाठीचा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, ऐकायला किरकोळ वाटतं. पण सुई किंवा सुरी ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती अख्खी वाट, कातडीवरच्या व्रणासकट, गाठीबरोबर काढून टाकावी लागते. वाट कुठून असावी हे त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवायचं असतं. आडवी चीर दिली, चुकीच्या स्नायूतून गेलो, आत रक्त साकळून पसरलं, की काढायचा भाग इतका वाढतो की कधी पाय ठेवण्यासारखं काही उरतच नाही. अमेरिकेतल्या हेन्री मँकिन यांनी हे आकड्यांत मांडलं. १९८२ मध्ये त्यांनी ३२९ रुग्णांचा अभ्यास छापला, १९९६ मध्ये आणखी ५९७ रुग्णांचा. दुसऱ्या अभ्यासात १८ जणांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सी चुकल्यामुळे, गरज नसताना कापावा लागला होता. आणि उपचार होणार त्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झाली तर चुका दोन ते बारा पटींनी जास्त. हे अमेरिकेतलं. आपल्या तालुक्यांचा असा हिशेब कोणी मांडला तर तो वाचायचं धाडस माझ्यात नाही.

आम्ही रात्रीची एसटी पकडली आणि पहाटे परळला उतरलो. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. पुढे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथल्या ओट्यावर मराठवाड्यातली, बिहारमधली, बंगालमधली माणसं एकमेकांच्या फाइली वाचायला शिकतात. बहीण सातवी पास. महिन्याभरात 'काउंट पडले', 'पोर्ट बसवला', 'लाल औषध उद्या आहे' असं बोलायला लागली.

आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. हा क्रम का, असं मी विचारलं तेव्हा एका रेसिडेंट डॉक्टरने सांगितलेली हकिगत लक्षात राहिली. १९७० पर्यंत हाडाच्या कॅन्सरला मुख्य उपाय एकच होता, पाय कापणं. आणि कापूनही पाचांतलं जेमतेम एक मूल जगायचं, कारण कापायच्या आधीच आजाराचे कण फुप्फुसात गेलेले असायचे. मग औषधं आली. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये काही मुलांसाठी धातूचं हाड मापाने बनवून घ्यायचं ठरलं, पण ते तयार व्हायला काही महिने लागायचे. नुसतं बसून राहण्यापेक्षा जेराल्ड रोझन या डॉक्टरांनी त्या काळात केमो सुरू केली. कारागिराला लागणाऱ्या वेळातून उपचाराचा क्रम जन्माला आला. आता आजार पसरायच्या आत नीट उपचार झाले तर दहांतली सहा-सात मुलं जगतात आणि बहुतेकांचे हातपाय शाबूत राहतात.

भाच्याच्या ऑपरेशनच्या दिवशी त्याचं हाड प्रवासाला गेलं. हे मी मुद्दाम असं लिहितोय, कारण झालं तसंच. गाठ हाडाच्या मधल्या भागात होती, वरचा आणि खालचा सांधा सुटत होता, वाढीच्या रेघाही सुटत होत्या. सर्जननी गाठीसकट सतरा सेंटीमीटरचा तुकडा काढला. टेबलावरच त्याच्यावरचं गाठीचं मांस आणि आतला मगज खरवडून साफ केला, निर्जंतुक कापडात आणि पिशव्यांत गुंडाळला आणि रेडिएशन विभागात पाठवला. पोरगं इकडे भूल घेऊन झोपलेलं, मांडी मोकळी. आणि त्याचं हाड तिकडे मशीनखाली. त्याला पन्नास ग्रे किरण दिले, एका दमात. माणसाच्या अंगावर रेडिएशन देताना रोज साधारण दोनच्या हिशेबाने देतात. एकदम पन्नास दिले तर कातडी, स्नायू, काहीच टिकायचं नाही. पण सुट्या हाडाला कातडी कुठे असते? त्यातली एकूण एक पेशी मरते, चांगली आणि वाईट. मग तेच हाड परत आणून जागेवर बसवतात आणि लांब पट्टी नि स्क्रूंनी आवळतात.

मी आयुष्यभर किरणांच्या पलीकडे शिशाच्या एप्रनमागे उभा राहिलो. ते असेही वापरता येतात हे मला पन्नाशीत कळलं.

या पद्धतीत मोठी सोय अशी की मापाचा प्रश्नच येत नाही. ज्याचं हाड, त्यालाच परत. तंतोतंत बसतं आणि विकत घ्यावं लागत नाही. जपानमध्ये कानाझावाचे डॉक्टर किरणांऐवजी हाड द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून हेच साधतात. इटलीच्या कापान्ना यांनी पेढीतल्या हाडाच्या पोकळीत रुग्णाच्याच पोटरीचं रक्तवाहिनीसकट जिवंत बारीक हाड बसवायची युक्ती काढली. पण आपलंच हाड परत मिळायचं असेल तर ते परत बसवण्याजोगं असावं लागतं. आजाराने पोखरून भुगा झालेलं किंवा चोळण्या-बांधण्यात मोडलेलं हाड बहुधा परत बसवता येत नाही. आम्ही घालवलेल्या त्या दोन महिन्यांत आणखी एखाद्याची भर पडली असती तर भाच्याचं हाड प्रवासाला जाऊन परत आलं नसतं.

नंतरचं सगळं गोड नव्हतं. बसवलेलं हाड मेलेलं असतं. दोन्ही टोकांकडून जिवंत हाड त्यात सरकत सरकत येतं, आणि त्याला घाई नसते. खालचा सांधा सहा-सात महिन्यांत जुळला, वरचा जुळेना. २०१६ मध्ये कमरेचं हाड घेऊन तिथे भरलं, तेव्हा जुळला. तोवर कुबड्या. शाळेचं दीड वर्ष गेलं. एक म्हैस गेली, अर्धा एकर गहाण पडलं, काही योजनेतून आणि काही ट्रस्टांकडून मिळालं. मांडी घालून बसायचं आजही जमत नाही; पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची लागते आणि त्यावर म्हातारी माणसं त्याला हटकतात.

तरी आम्ही नशीबवान, भाच्याच्या वाढीच्या रेघा सुटल्या होत्या. हाडाचा कॅन्सर मुलांत जास्त करून गुडघ्याच्या आसपास होतो आणि पाय सर्वांत जास्त वाढतो तोही तिथेच. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. आठ वर्षांच्या मुलाची ती रेघ गाठीबरोबर काढली तर दुसरा पाय वाढत राहणार आणि हा तिथेच थांबणार. त्यावर वाढवता येणारं धातूचं हाड मिळतं. त्यातल्या काही प्रकारांत पुन्हा चीर न देता बाहेरून चुंबकाने लांबी वाढवतात. किंमत ऐकून बाप उठून बाहेर जातो. साधं, न वाढणारं धातूचं हाड मात्र आपल्याकडे रास्त किमतीत बनतं. चेन्नईचे डॉ. मयिल वाहनन नटराजन यांनी १९८० च्या दशकाअखेरीस ते तिथेच घडवून घ्यायला सुरुवात केली, त्यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीही देशी बनावटीचं हाड तयार करून घेतलं.

धर्मशाळेत आमच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या पायाकडे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर हटली, हे कबूल करतो. तिचा गुडघा काढून खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडला होता. टाच पुढे, बोटं मागे. घोटा आता गुडघ्याचं काम करत होता. पाऊल कृत्रिम पायात गेलं की ती घोट्याने तो पाय वाकवायची. व्हिएन्नात १९७४ पासून हाडाच्या कॅन्सरसाठी ही शस्त्रक्रिया होते आहे. दिसायला विचित्र, पण वाढत्या मुलाला फार सोयीची: धातू नाही, मोडतोड नाही, पुन्हापुन्हा ऑपरेशन नाही. बहुतेक आईबाप नकार देतात. ती मुलगी मात्र ओट्यावरून उडी मारायची, आणि आमचा 'पाय वाचलेला' भाचा कुबड्या घेऊन बघत बसायचा. पाय वाचवणं म्हणजे काय वाचवणं, याचा विचार मी तेव्हापासून जरा सावकाश करतो. कापावाच लागला तर कापावा, जीव आधी. चीड येते ती फक्त न कापता भागलं असतं तिथे कापावा लागतो तेव्हा.

म्हणून माझं म्हणणं सरकारलाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं शाळाशाळांत जाऊन मुलं तपासतात. दात बघतात, डोळे बघतात. त्यांनी मुलाला एक प्रश्न जास्तीचा विचारावा: एकाच जागी तीन आठवड्यांच्या वर दुखतंय का, रात्री उठवतंय का? हो म्हणालं तर लांब एक्स-रे. त्याला नवं मशीन लागत नाही. आणि योजनांचा हिशेब एका ऑपरेशनवर संपतो तो संपू नये. मुलाचं हाड पुढची दहा वर्षं वाढतं, कधी जुळत नाही, पट्टी मोडते, लांबी कमी पडते. पहिल्या शस्त्रक्रियेला पैसे द्यायचे आणि तिसरीच्या वेळी बापाला गोठ्याकडे बघायला लावायचं, याला मी मदत म्हणत नाही.

तालुक्याच्या सर्जननाही एक विनंती, वयाने मोठा म्हणून. लहान मुलाच्या हाडात पू वाटला तरी चीर द्यायच्या आधी अख्ख्या हाडाची फिल्म बघा. शंका आली तर सुरी ठेवून द्या आणि पुढे पाठवा. पेशंट हातचा गेला असं कोणी म्हणणार नाही. म्हणालंच तर त्या तरुण डॉक्टरांना विचारा. माझा भाचा दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन जातो.

तो आता बावीस वर्षांचा आहे. उजवा पाय दीड सेंटीमीटर कमी आहे. फलटणचा चांभार चपलेचा तळ तेवढा चढवून देतो. खेळता येत नाही, पण तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत पंच असतो आणि खांबापाशी उभा राहून जोरात शिट्टी मारतो.

माझ्या जागी आता जी मुलं काम करतात त्यांच्याकडे डिजिटल मशीन आहे. फिल्मचा हिशेब द्यावा लागत नाही. तरी परवा गुडघा दुखतो म्हणून आलेल्या शेजारच्या मुलीचा एक्स-रे पाहिला, तर चौकट गुडघ्याभोवती घट्ट आवळलेली, मांडी बाहेर. मी तिला परत पाठवलं. तुमच्या मुलाला पाठवणारं कोणी नसेल, तर टेबलाशी तुम्हीच सांगा: मांडीसकट काढा.